जुन्या गाडीच्या कार्बोरेटरचे थ्रॉटल लिंकेज पुन्हा जोडताना

इंजिन बांधून चॅसीवर बसले, हवा व इंधन मिसळणारा कार्बोरेटर स्वच्छ होऊन मॅनिफोल्डवर (मिश्रण सिलिंडरांना वाटणाऱ्या नळ्यांवर) चढला, की शेवटी थ्रॉटल लिंकेजचा, म्हणजे पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतच्या जोडणीचा, एक डबा उरतो. त्यात चार-पाच लिव्हर, दोन-तीन दांड्या, वेगवेगळ्या ताणाच्या स्प्रिंगा, मूठभर वॉशर आणि नेमकी कुठे बसते ते कोणालाच आठवत नाही अशी एखादी पिन असते. इंजिन सुरू करण्याची घाई झालेली असल्यामुळे हा डबा बहुधा शेवटच्या संध्याकाळी उघडला जातो आणि काम तासाभराचे समजून उरकले जाते. वास्तविक थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा पडदा, उघडला नाही तर गाडी जागेवर उभी राहते, इतकेच. तो बंद झाला नाही तर काय होते, हे ज्याने एकदा अनुभवले आहे तो हा डबा सकाळीच उघडतो.

बहुतेक जण पेडलकडून सुरुवात करतात, कारण हालचाल तिथून सुरू होते. मी उलट दिशेने जातो. आधी कार्बोरेटरमधली चकती (हाच थ्रॉटलचा पडदा), मग ती ज्यावर फिरते तो आस म्हणजे स्पिंडल, मग लिव्हर, स्प्रिंग, दांडी, केबल आणि सर्वांत शेवटी पेडल. यात एकच नियम पाळायचा: आतापर्यंत जोडलेले सर्व भाग बोट काढताच आपोआप बंद होत नाहीत, तोवर पुढचा सांधा जोडायचा नाही. या पद्धतीत अडथळा कुठे आला हे शोधावे लागत नाही, कारण तो नुकत्याच जोडलेल्या सांध्यातच असतो.

डब्यातल्या भागांची ओळख

गाडी तुम्हीच सोडली असेल आणि छायाचित्रे काढून ठेवली असतील, तर हा भाग वाचण्याची गरज नाही. गाडी दुसऱ्याने सोडून खोक्यांत भरून विकलेली असेल, तर त्या मॉडेलच्या सुट्या भागांच्या पुस्तकातली आकृती समोर ठेवूनच बसावे. मात्र त्या आकृतीत भागांचा क्रम कळतो, दिशा नेहमी कळतेच असे नाही. दिशा सांगतात ते घासल्याच्या खुणा. स्पिंडलवर जिथे लिव्हर वर्षानुवर्षे बसला होता तिथे जुना मुलामा शाबूत असतो, आणि जिथे बुशमध्ये (आधाराच्या छोट्या नळीत) फिरत होता तिथे धातू उघडा पडून चकाकत असतो. स्प्रिंगच्या आकड्याने लिव्हरच्या भोकाची एकच बाजू खाल्लेली असते. ती बाजू ज्या दिशेला, त्या दिशेने स्प्रिंग ओढत होती. म्हणून भाग धुण्याआधी, निदान मुलाम्याला देण्याआधी, अशा खुणांची छायाचित्रे घ्यावीत. एकदा सगळे चकचकीत झाले की हा पुरावा परत मिळत नाही.

वॉशरांबाबत थोडे अधिक. एकाच भोकाचे पण वेगळ्या जाडीचे वॉशर दिसले, तर ते कोणीतरी हाताला लागेल ते घातले होते असे लगेच समजू नये. लिव्हर व कार्बोरेटरची बॉडी यांच्यातला आडवा खेळ अनेकदा वॉशरच्या जाडीनेच ठरवलेला असतो, आणि लाटेसारखा वाकवलेला वॉशर स्प्रिंगचेही काम करतो. प्रत्येकाची जाडी मोजून, लिहून, वेगळ्या पाकिटात ठेवावी.

मुलामा आणि रंग

पुनर्बांधणीत लिंकेज अडखळण्याचे सर्वांत मोठे कारण झीज नसून सजावट असते, असे माझे मत झाले आहे. जस्ताच्या मुलाम्याचा थर साधारण ८ ते १२ मायक्रॉनचा असतो, पण तो पिनवरही चढतो आणि भोकाच्या आतही चढतो, त्यामुळे मूळची सैल जोडी घट्ट होते. पावडर कोटिंगचा थर तर ६० ते १०० मायक्रॉन असतो. लिंकेजच्या फिरत्या सांध्यावर ते करूच नये. मुलामा देऊन आलेल्या भागांची भोके मूळ मापाच्या रीमरने (भोक नेमक्या मापात आणणाऱ्या हत्याराने) हाताने साफ करावीत, त्यासाठी ड्रिल वापरू नये. मूळ भागांवर पिवळसर झाक असलेला जुना मुलामा कॅडमियमचा असू शकतो. कॅडमियमची धूळ व धूर विषारी असतो, म्हणून असे भाग घासू नयेत की तापवू नयेत.

स्प्रिंगांना विजेच्या प्रक्रियेने मुलामा देणे टाळावे. आम्ल-सफाई आणि मुलामा या दोन्हींत पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि कडक पोलादाची स्प्रिंग त्यामुळे ठिसूळ होऊन काही दिवसांनी विनाकारण तुटते. मुलामा द्यायचाच असेल, तर लगेच काही तास सुमारे २०० अंश सेल्सिअसला भाजणे आवश्यक असते. ते काम करणारा नीट करील याची खात्री नसल्यास नवी स्प्रिंग घेणे स्वस्त पडते.

स्पिंडल आणि चकती

येथे वेळ द्यावा. स्पिंडल बोटांत धरून बॉडीच्या भोकात वरखाली हलवून पाहावा. आत सरकताना आणि फिरताना तो मोकळा असावा, पण वरखाली टकटक जाणवू नये. नव्या जोडीतली फट मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. भोके झिजतात ती स्प्रिंग ज्या दिशेला ओढते त्याच दिशेला, म्हणजे गोल न राहता लंबगोल होतात. म्हणून एकाच दिशेला तपासून समाधान मानू नये. फट मोठी असेल तर तिथून इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण विरळ होते आणि आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचे संथ फिरणे, कधीच स्थिर होत नाही. त्यावर उपाय दोनच: नवा किंवा मोठ्या व्यासाचा स्पिंडल, अथवा बॉडीत बुश बसवणे. दोन्ही बाजूंचे बुश एका रेषेत यावे लागतात, म्हणून हे काम लेथवर किंवा जिगमध्ये करणाऱ्याकडेच द्यावे. वेबर बनावटीच्या डीसीओई प्रकारच्या कार्बोरेटरमध्ये स्पिंडल बॉल बेअरिंगवर फिरतो. तिथे बेअरिंगमधले वंगण सुकलेले आहे का हे आधी पाहावे.

चकतीची कड सरळ कापलेली नसते, ती तिरकी असते, कारण चकती बोअरला (हवेच्या गोल वाटेला) काटकोनात बंद न होता काही अंश कलून बंद होते. काही वेबर चकत्यांवर हा कोन आकड्यात कोरलेलाही असतो. त्यामुळे चकती उलटी बसवली तर ती स्पिंडलच्या चिरेत बसते, पण कडेने हवा सोडते. स्पिंडलच्या चिरेत चकती सरकवून स्क्रू फक्त लागेपर्यंत फिरवावेत, मग स्पिंडल आठ-दहा वेळा हाताने झटक्याने बंद करावा. चकती आपली जागा स्वतः शोधते. आता कार्बोरेटर उजेडासमोर धरून आत पाहावे: चारही बाजूंनी उजेडाची रेघ नसावी, किंवा असली तर सारखी बारीक असावी. एका बाजूला चंद्रकोर दिसली, तर स्क्रू सैल करून पुन्हा तेच करावे. हे करताना आयडलचा स्क्रू (बंद होताना लिव्हर ज्यावर टेकतो तो) पूर्ण मागे घेतलेला असला पाहिजे, नाहीतर चकती बंद न होताच मध्यभागी आली असे वाटत राहते.

जुने स्क्रू पुन्हा वापरू नयेत. एस.यू. बनावटीच्या कार्बोरेटरमध्ये या पितळी स्क्रूंची टोके दुभंगलेली असतात आणि बसवल्यावर ती फाकवतात. इतरत्र टोक ठोकून पसरवतात. काढताना हे फाकलेले टोक कानशीने साफ न करता स्क्रू तसाच फिरवला, तर स्पिंडलचे आटे ओरबाडले जातात. नव्या स्क्रूंची टोके फाकवताना स्पिंडलखाली, अगदी स्क्रूच्या डोक्याला, लाकडाचा किंवा पितळेचा ठोस आधार द्यावा. मधोमध चीर पाडलेला स्पिंडल मोठा मजबूत दिसतो, पण हलक्या ठोक्यानेही वाकतो. आटे पकडून ठेवणाऱ्या द्रवाचा एक थेंब लावण्यास हरकत नाही, मात्र तो टोक फाकवण्याला पर्याय नाही. हा स्क्रू सुटला तर त्याला जाण्यासाठी एकच वाट असते: मॅनिफोल्डमधून थेट सिलिंडरमध्ये.

लिव्हर आणि परतीच्या स्प्रिंगा

स्पिंडलच्या टोकाचा नट आवळताना लिव्हर पक्कडीत धरावा. बंद चकतीचा अडसर मानून नट आवळला, तर स्पिंडलला पीळ बसतो आणि चकतीची कड बोअरमध्ये रुतते. एका स्पिंडलवर दोन चकत्या असलेल्या कार्बोरेटरमध्ये हा पीळ आणखी महाग पडतो, कारण त्यानंतर एक चकती दुसरीच्या आधी उघडू लागते आणि मग कितीही जुळवाजुळव केली तरी दोन्ही गळ्यांतली हवा सारखी होत नाही. नट बसला की टॅब वॉशरचा (नट सुटू न देणाऱ्या कानाच्या वॉशरचा) कान नटाच्या सपाट बाजूवर वळवावा. वळवलेला कान परत सरळ करून पुन्हा वळवला तर तो मोडतो. वॉशर नवा घ्यावा.

आता परतीची स्प्रिंग. थ्रॉटल पूर्ण बंद असतानाही तिला थोडा ताण हवा. बंद स्थितीत ती लोंबत असेल, तर शेवटच्या काही अंशांत चकतीला ओढणारे कोणी उरत नाही, आणि आयडलिंग दर वेळी वेगळ्या आकड्यावर येऊन थांबते. दुसरीकडे फार जोरकस स्प्रिंग लावली, की पेडल जड होते, पहिल्या गिअरमध्ये गाडी हिसके देते आणि स्पिंडलची भोके नव्याने लंबगोल होऊ लागतात. स्प्रिंग लांब वाटते म्हणून तिचे वेढे कापून नवा आकडा वळवू नये. तुटते ती नेहमी त्या वळणातच. आकड्याचे उघडे तोंड केबल किंवा दांडीच्या बाजूला येऊ देऊ नये.

अनेक जुन्या गाड्यांमध्ये कार्बोरेटरवर एकच स्प्रिंग असते. अमेरिकेत सप्टेंबर १९७३ पासून लागू झालेल्या १२४ क्रमांकाच्या सुरक्षा मानकाने थ्रॉटल परत आणणारे किमान दोन स्रोत असावेत आणि त्यांपैकी कोणताही एक निकामी झाला तरी दुसऱ्याने थ्रॉटल बंद करावा अशी अट घातली. गाडी त्याआधीची असली, तरी ही अट आपणहून पाळण्यासारखी आहे. मूळ रूप बिघडू नये म्हणून दुसरी स्प्रिंग न लावणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण त्यांची गाडी चालवतही नाही. पेडलखालची स्प्रिंग या हिशेबात धरू नये. मधली दांडी निसटली तर ती फक्त पेडल वर आणते, चकती नव्हे.

दांड्या, सांधे आणि कोन

दांडीच्या दोन टोकांपैकी एकाचे आटे उलटे असतील, तर दांडी फिरवूनच लांबी कमीजास्त करता येते; म्हणून दोन्ही टोके सारखीच आत गेली आहेत हे पाहूनच सुरुवात करावी. बॉलच्या सांध्यात किंचित ग्रीस लावावे, स्पिंडलला मात्र पातळ तेलाचा एखादाच थेंब, कारण ग्रीसवर धूळ बसून काही महिन्यांत तिची वाळूसारखी लेई होते. सांध्यातली सुरक्षा क्लिप सैल वाटली तर ती पक्कडीने दाबून घट्ट करण्याऐवजी बदलावी. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी.

मोजमापाचा भाग येथेच येतो. समजा कार्बोरेटरच्या लिव्हरवर केबलची पिन स्पिंडलच्या केंद्रापासून ४० मि.मी. अंतरावर आहे आणि चकती बंद ते पूर्ण उघडी होण्यास ८० अंश फिरते. अर्ध्या उघडण्यावर लिव्हर व केबल काटकोनात येतील असे बसवल्यास केबलला सुमारे ५१ मि.मी. सरकावे लागते. पेडलच्या बाजूने केबल ४० मि.मी.च सरकत असेल, तर चकती सुमारे ६१ अंशांवर थांबते आणि चालकाला वाटत राहते की इंजिनात दम नाही. त्यासाठी जेट (इंधनाचे माप ठरवणाऱ्या बारीक भोकांचे भाग) बदलण्यात दिवस घालवण्यापूर्वी एकदा हा हिशेब करावा.

काटकोनाचा आग्रह आणखी एका कारणासाठी आहे. लिव्हर स्पिंडलवर चुकीच्या खाचेत बसला, तर पूर्ण उघडताना स्पिंडलचे केंद्र, लिव्हरची पिन आणि दांडी एका सरळ रेषेत येतात. ते प्रत्यक्षात असे दिसते: हाताने थ्रॉटल उघडत नेता, शेवटच्या टप्प्यात बोटाला लागणारा जोर अचानक नाहीसा होतो, लिव्हर किंचित पुढे घसरतो आणि बोट काढल्यावर तिथेच राहतो. स्प्रिंग ताणलेली असते, पण तिची ओढ केंद्रातून जात असल्यामुळे ती काही फिरवू शकत नाही. रस्त्यावर हीच स्थिती म्हणजे पूर्ण उघडा राहिलेला थ्रॉटल. म्हणून पूर्ण उघडण्याचा अडसर या रेषेच्या बराच आधी येईल असा लिव्हरचा कोन ठेवावा.

दोन कार्बोरेटर असतील तर

दोन कार्बोरेटरांना जोडणाऱ्या आडव्या दांडीचे सर्व क्लॅम्प आधी सैल करावेत, म्हणजे प्रत्येक चकती फक्त स्वतःच्या आयडल स्क्रूवर टेकेल. एस.यू.च्या एच.एस. मालिकेत आयडलचा स्क्रू लिव्हरला जेमतेम स्पर्श होईपर्यंत आणून तिथून दीड फेरा आत घेणे ही चांगली सुरुवात आहे. इंजिन सुरू झाल्यावर हवेचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणाने दोन्ही सारखे करावेत. ते नसल्यास कानाला रबरी नळी लावून फुसफुस ऐकण्याची जुनी रीत आजही चालते.

इंजिन बंद करून त्यानंतरच क्लॅम्प आवळायचे. एस.यू.च्या काटा-पिन जोडणीत पिन व काट्याची खालची कड यांच्यात ०.३ मि.मी.ची फट ठेवतात; फीलर गेजचे (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांच्या साधनाचे) पान घालून, पिन त्यावर टेकवून, क्लॅम्प आवळावा, आणि हेच दुसऱ्या बाजूला करावे. ही फट निष्काळजीपणाची नसून मुद्दाम ठेवलेली असते. ती नसेल, तर एक कार्बोरेटर दुसऱ्याच्या चकतीला टेकू देतो आणि दोघांपैकी एक कधीच आपल्या अडसरावर येत नाही. आडव्या दांडीला सुमारे ०.८ मि.मी. आडवा खेळही ठेवावा, कारण तापल्यावर मॅनिफोल्ड आणि दांडी सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. शेवटी दोन्ही लिव्हरांवर एकेक बोट ठेवून दुसऱ्याकडून पेडल अगदी सावकाश दाबून घ्यावे. दोन्ही बोटांना हालचाल एकाच क्षणी जाणवली पाहिजे.

चोकची (थंड इंजिनासाठी मिश्रण गाढ करणाऱ्या भागाची) जोडणी थ्रॉटलनंतर. चोक पूर्ण आत असताना फास्ट आयडलचा (चोक ओढल्यावर इंजिनाचा वेग वाढवणारा) स्क्रू चोकच्या कॅमला टेकता कामा नये, एवढे पाहिले की पुरे.

पेडलकडे

केबलचे वळण मोठे असावे आणि ती एक्झॉस्टपासून लांब जावी. आतून नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलमध्ये तेल सोडू नये. बंद स्थितीत केबलला एक-दोन मिलिमीटर ढील ठेवावी. दांड्यांचे लिंकेज असेल, तर आणखी एक गोष्ट विसरू नये: इंजिन रबरी माउंटिंगवर डोलते, फायरवॉल मात्र स्थिर असते. माउंटिंग जुने असेल, तर क्लच सोडताच इंजिन कलते आणि दांडी स्वतःच थ्रॉटल उघडते, मग इंजिन आणखी कलते. हा झटका लिंकेजचा दोष समजून लोक स्प्रिंगा बदलत बसतात.

पेडलला स्वतःचा अडसर हवा. तो नसेल, तर पायाचा सगळा जोर केबलवर आणि कार्बोरेटरच्या छोट्या अडसरावर येतो. नवीन कार्पेट आणि त्याखालचे नमद्याचे अस्तर मूळपेक्षा जाड असेल, तर पेडल अडसरापर्यंत पोहोचतच नाही, किंवा त्याची कड कार्पेटखाली अडकते. म्हणून अंतिम मोजणी कार्पेट घातल्यावरच करावी.

येथे माझी एक फजिती सांगतो. एका गाडीचे सगळे लिंकेज जोडून झाले, स्टार्टर मारला आणि इंजिन फिरण्याऐवजी चोकच्या केबलमधून धूर निघाला. इंजिन व गाडीची बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची (विजेच्या परतीच्या वाटेची) पट्टी रंगकामाच्या वेळी काढली होती आणि परत लावायची राहिली होती. स्टार्टरचा सगळा प्रवाह बिचाऱ्या केबलींमधून परत जाऊ पाहत होता. चोकची केबल जळून आवरणाला चिकटली. थ्रॉटलची केबलही तापली होती, म्हणून तीही बदलली. तेव्हापासून केबल जोडण्याआधी मी ती पट्टी हाताने ओढून पाहतो.

इंजिन सुरू करण्यापूर्वी आणि नंतर

बॅटरी सोडलेली असताना एकाने पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने टॉर्चच्या उजेडात गळ्यात पाहावे. चकती हवेच्या प्रवाहाला समांतर उभी दिसली पाहिजे. पेडलवरून पाय झटकन काढल्यावर लिव्हर आयडल स्क्रूवर टक् असा आवाज करून बसला पाहिजे. मग एक स्प्रिंग काढून हीच परीक्षा, ती लावून दुसरी काढून पुन्हा हीच. त्यानंतर एअर क्लीनर बसवावा आणि सर्व पुन्हा तपासावे, कारण त्याच्या कडेला लिव्हर घासणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. बॉनेट लावल्यावर आतल्या बाजूला खूण उमटते का हे पाहण्यासाठी लिव्हरच्या टोकाला ओल्या खडूचा ठिपका लावावा.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना एक हात इग्निशनच्या चावीवर असावा. इंजिन पूर्ण तापले, पंखा एकदोनदा फिरून झाला, की ते बंद करून दहा मिनिटे तसेच ठेवावे. त्या वेळी इंजिनची उष्णता वर चढून कार्बोरेटर सर्वाधिक तापतो. तेव्हा पेडल पुन्हा सावकाश दाबून सोडावे. थंड असताना मोकळे असलेले बुश या वेळी धरू लागले, तर चकती शेवटच्या एक-दोन अंशांवर रेंगाळते आणि तो टक् आवाज येत नाही. तसे झाल्यास केबल सोडून लिव्हर बोटाने फिरवावा, आणि तरीही रेंगाळत असेल तर स्पिंडल पुन्हा बाहेर काढावा.